साठ खुंट्या आणि एक बिल्ला

सोमवार, २ जून २००३

ही डायरी कारखान्याने शेवटच्या वर्षी वाटलेली, २००१ सालची. त्याच वर्षी कारखाना बंद पडला, त्यामुळे तीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही. आता छापलेले वार खोडून खरे वार घालतोय. कागद उत्तम आहे आणि चांगली वस्तू फुकट घालवणं मला जमत नाही.

आज खराडीच्या कंपनीत रुजू झालो. सहा महिन्यांचा करार, हुद्दा 'टेप ऑपरेटर'. पुतण्या प्रज्ञेशने कुठूनशी ओळख काढली. चोवीस वर्षं मी टूलरूमचं स्टोअर सांभाळलं. चौदाशे गेज आणि मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायची हत्यारं, माझ्या ताब्यात होते आणि माझ्या काळात त्यातला एकही हरवला नाही. आता कॅसेटी सांभाळायच्या. आम्रपाली म्हणाली, "अहो, घरी बसून माझ्या डब्यांना नंबर घालण्यापेक्षा हे बरं." डब्यांना मी नंबर घातले हे खरं आहे. त्याने गैरसोय काय झाली, हे तिने अजून सांगितलेलं नाही.

साहेबांचं नाव दीनानाथ आगाशे, सिस्टिम्सचे मॅनेजर, कोथरूडचे. पहिलं वाक्य बोलले ते असं: "ओव्हाळ ना? वेळेवर आलात. इथे तशी पद्धत नाही, पण चालेल." पुढे दिवसभर काही बोलले नाहीत.

बुधवार, ४ जून

यंत्र पाहिलं. गोदरेजच्या कपाटाएवढं, पुढे काच. आत साठ कप्पे आणि प्रत्येकात एक टेप, व्हिडिओ कॅसेटपेक्षा आखूड आणि जाड. मधे एक यांत्रिक हात रुळावर वरखाली धावतो, हवी ती टेप उचलतो आणि ड्राइव्हमध्ये घालतो. ड्राइव्ह दोनच. कंपनीच्या सगळ्या संगणकांवरची माहिती रोज रात्री तारेतून इथे येते आणि टेपवर उतरते. उद्या एखादा संगणक बसला तर टेपवरून ती परत घ्यायची. मी पंधरा मिनिटं काचेसमोर उभा होतो. काम स्वच्छ आहे, मला आवडलं.

खोलीत थंडी मात्र मरणाची. उद्यापासून स्वेटर आणि कानटोपी.

सोमवार, ९ जून

यंत्र एक आणि वापरणाऱ्या तुकड्या तीन. सलिलची विम्याची, कल्याणीची रक्तपेढीची आणि तिसरी एका बियाणे कंपनीची. कोरी टेप दिसली की जो पहिला पोचेल त्याची. आज कळलं की सलिलच्या तुकडीने शुक्रवारी कल्याणीच्या टेपवर स्वतःचं लिहून टाकलं. "रिकामी दिसत होती," म्हणे. कल्याणी रडवेली झाली होती. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तदात्यांच्या नोंदी तिच्याकडे असतात, कोणाचा रक्तगट कोणता आणि गरज पडली तर फोन कुठे करायचा. नशीब, मूळ संगणक शाबूत होता.

आमच्या कारखान्यात असं होणं शक्यच नव्हतं. तिथे प्रत्येक कामगाराचे पितळी बिल्ले असायचे. गेज हवा तर आपला बिल्ला त्याच्या खुंटीवर टांगायचा आणि गेज न्यायचा. खुंटीकडे बघितलं की वस्तू कोणाकडे आहे ते कळायचं. बिल्ला नाही तर गेज नाही, मग मागणारा वर्क्स मॅनेजर का असेना.

मी आगाशे साहेबांना हे सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "भिंत कुठली हवी?" मी समोरची मागितली. मिळाली मागची, ए.सी.च्या तोंडापुढची. "इथे कोणी बघायला येत नाही," म्हणाले. माझ्या पद्धतीची लाज वाटत असावी.

रविवार, १५ जून

रविवार पेठेत जाऊन पितळी चकत्या कापून आणल्या. गोल कल्याणीसाठी, चौकोनी सलिलसाठी, त्रिकोणी बियाणेवाल्यांसाठी. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे बसलो. तो म्हणाला, "काका, भांडं कुठंय?" मी म्हटलं, भांडं नाही, नुसते आकडे घाला. "मग लग्न कोणाचंय?" त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. आकडे मात्र सुरेख काढले त्याने.

घरी आम्रपालीने सगळे बिल्ले चिंचेने घासून लखलखीत केले. त्यात माझा जुना २१४ पण घातला. हा बिल्ला मी कारखान्यात परत करायला हवा होता. शेवटच्या दिवशी खिडकीवर घेणारं कोणी नव्हतं म्हणून खिशात राहिला. कबूल करतो, नंतर टपालाने पाठवता आला असता. ते माझ्याच्याने झालं नाही.

मंगळवार, १७ जून

फळी लागली. साठ कप्प्यांच्या साठ खुंट्या. ज्या टेपच्या खुंटीवर ज्याचा बिल्ला, ती टेप त्याची. तो स्वतः येऊन बिल्ला काढेपर्यंत ती यंत्रात दुसऱ्या कोणासाठी चढणार नाही.

सगळे बघायला आले आणि हसले. सलिल म्हणाला, "काका, हे रोबोटिक आहे हो. सॉफ्टवेअरमध्ये सगळं दिसतं. हे म्हणजे एकदम म्युझियम झालं."

मी म्हटलं, "कल्याणीची टेप गेली तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर कुठे बघत होतं?"

मुलगा वाईट नाही, पण घाईचा आहे. कल्याणीने पहिला बिल्ला टांगला आणि म्हणाली, "ओव्हाळकाका, मस्त वाजतो हो." वाजणारच, चांगलं पितळ आहे.

सोमवार, ३० जून

आज लिहायला हात धजावत नाही, पण लिहितो.

प्रत्येक टेपच्या पुढच्या कडेला एक चिठ्ठी असते, तिच्यावर काळ्या रेघारेघा. त्या रेघांवरून माणसाला काही कळत नाही. शनिवारी मी साठही टेप बाहेर काढल्या, त्या रेघांवर पांढरे कागद चिकटवले आणि माझ्या हस्ताक्षरात ठळक नंबर घातले. टूलरूममध्ये माझे नंबर वीस फुटांवरून वाचता यायचे. माझं अक्षर देखणं आहे, हे आगाशे साहेबांनीही नाकारलेलं नाही.

यांत्रिक हाताला ते वाचता येत नाही. त्याला रेघाच लागतात. शनिवार आणि रविवार, दोन दिवस तिन्ही तुकड्यांची एकही नोंद उतरली नाही. तो हात प्रत्येक कप्प्यापुढे थांबून पुढे जात राहिला, असं यंत्राच्या नोंदीत दिसलं.

आगाशे साहेब म्हणाले, "ओव्हाळ, त्या रेघा शोभेच्या नाहीत."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"लिहून द्या."

लिहून दिलं. मग तिन्ही तुकड्यांत जाऊन प्रत्येकाची माफी मागितली. कारखान्यात मी कधी कोणाची माफी मागितली नव्हती, तशी वेळच आली नव्हती. आता दोन दिवस स्पिरिटने कागद सोडवत बसेन. रेघांच्या अर्थाचं पुस्तकही मागून घेतलं आहे.

सोमवार, १४ जुलै

टूलरूमचा दुसरा नियमही आजपासून इथे लागू केला. परत आलेलं हत्यार तपासल्याशिवाय खुंटीवर जायचं नाही. रात्रीची टेप सकाळी यंत्रात परत घालायची आणि तिच्यावरची एक तरी नोंद उतरवून वाचायची. यंत्र म्हणतं 'यशस्वी', पण ते यंत्र म्हणतं. माझा विश्वास माझ्या डोळ्यांवर.

सलिलची तक्रार आली की मी ड्राइव्ह अडवून ठेवतो. आगाशे साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "रोज लिहा. टेप कुठली, वेळ काय, निकाल काय आणि त्यावर कोण काय म्हणालं. तारीखवार. शाईने."

म्हणजे माझ्याविरुद्ध कागद तयार होतो आहे. कारखान्यात एखाद्याला काढायचं असलं की असंच सुरू व्हायचं. ठीक आहे. लिहायला सांगितलंय तर असं लिहीन की एक ओळ खोडावी लागणार नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

आज एक गोष्ट सापडली आणि मी अजून तिच्याच विचारात आहे.

दोन नंबरच्या ड्राइव्हने लिहिलेली टेप मी रोज त्याच ड्राइव्हमध्ये तपासत होतो. रोज पास. आज तो मोकळा नव्हता म्हणून एक नंबरमध्ये घातली. एक अक्षर वाचता येईना. दुसरी घातली, तीच गत. तिसरी, चौथी, तेच. परत दोन नंबरमध्ये घातल्या तर सगळ्या छान वाचल्या गेल्या.

मला घाम फुटला, त्या थंडीत. कारण हे दुखणं मला माहीत आहे. मायक्रोमीटरचा शून्य सरकला की तो दिवसभर चुकीचं मोजतो आणि पुन्हा मोजायला सांगितलं तर तेच माप दाखवतो. स्वतःशी त्याचं पूर्ण पटतं. म्हणून गेज त्याच गेजने तपासायचा नसतो, हे मी पहिल्या महिन्यात शिकलो होतो. इथे तीन आठवडे विसरलो.

दोन नंबर वाकडं लिहितो आणि वाकडंच वाचतो. उद्या तो मोडला तर त्याने लिहिलेलं जगात कोणाला वाचता येणार नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सलिल म्हणाला, "पण काका, दोन नंबरमध्ये वाचलं जातंय ना? मग प्रॉब्लेम काय आहे?"

"ज्याने लिहिलं त्यानेच वाचायचं, ही तपासणी नव्हे."

"एक ड्राइव्ह बंद केला तर आमचं काम सकाळपर्यंत संपत नाही. क्लायंट ओरडतो."

आगाशे साहेब मधेच म्हणाले, "बंद ठेवा." कारण सांगितलं नाही. सलिलचं तोंड उतरलं. मी दोन नंबरवर लाल चिठ्ठी लावली. ती रेघांवर नाही ना, हे दोनदा बघितलं.

सोमवार, १८ ऑगस्ट

यंत्राच्या कंपनीचा माणूस आला. साफसफाईची टेप फिरवली, 'दोष नाही' असं इंग्रजीत लिहून दिलं आणि चहा पिऊन गेला. त्याने दोन नंबरमध्ये लिहिलं आणि दोन नंबरमध्येच वाचलं. मी सांगत होतो, त्याचं लक्ष घड्याळाकडे. लाल चिठ्ठी काढावी लागली.

आगाशे साहेबांनी विचारलं, "रिपोर्ट वाचलात?"

"वाचला."

"पटला?"

"नाही."

"मग का नाही पटला ते लिहून द्या. मराठीत."

माझ्या इंग्रजीवर त्यांचा विश्वास नाही. मला लागलं ते. मराठीत तीन पानं लिहिली, आकृतीसकट. त्यांनी न वाचता फायलीत ठेवली.

कल्याणीला मात्र सगळं पटलं. यापुढे तिच्या नोंदी फक्त एक नंबरवर उतरतील आणि जुन्या टेप मी दिवसा एकेक करून एक नंबरवर नव्याने लिहून देईन. काम महिनाभराचं आहे. सलिल म्हणाला, त्याला दोन नंबर चालेल, उलट आता त्याला तो एकट्याला मिळेल.

सोमवार, १ सप्टेंबर

सलिलने आज तोंडावर सांगितलं, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. "काका, पर्सनल काही नाही. पण नवीन सॉफ्टवेअर आलंय. टेप कोणाची, कोरी कुठली, ड्राइव्ह कोणाला, सगळं ते आपोआप वाटून देतं. मी प्रस्ताव दिलाय. त्यात ऑपरेटरची पोस्ट लागत नाही."

प्रस्ताव छापील फॉर्मवर असतो. आगाशे साहेबांनी सही करून वर पाठवायचा. पाठवला की माझा करार नोव्हेंबरअखेर संपला.

आज जेवण गेलं नाही. एक्कावन्न वर्षांच्या माणसाला दुसऱ्यांदा कोणी नोकरी दिली, तिसऱ्यांदा कोण देणार? आणि खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नाही. त्या साठ खुंट्या आता नीट चालतात. अडीच महिन्यांत एकाही टेपवर दुसऱ्याचं लिहिलं गेलेलं नाही. मी गेल्यावर ती फळी दुसऱ्या दिवशी उतरवतील.

सोमवार, १५ सप्टेंबर

प्रस्ताव अजून गेलेला नाही. आगाशे साहेबांना तो सापडत नाही! सलिलने दुसरी प्रत दिली.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दुसरी प्रतही सापडत नाही. एवढा शिस्तीचा माणूस आणि कागदांची ही अवस्था. मी म्हटलं, साहेब, तुमचा ड्रॉवर एकदा लावून देऊ का? म्हणाले, "ओव्हाळ, तुम्ही तुमच्या टेप बघा."

शनिवार, ४ ऑक्टोबर

खंडेनवमी. ऑफिसात यंत्रांची पूजा. पोरंपोरी झब्बे घालून, साड्या नेसून, हातात हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी हजर. मी दारात आडवा उभा राहिलो. "यंत्राला धूळ चालत नाही, कुंकू तर मुळीच नाही." कोणीतरी पुटपुटलं की काकांना पूजेचं वावडं आहे. वावडं नाही. मी बुद्धवंदना करतो, ते पूजा करतात, चोवीस वर्षं कारखान्यात कधी अडलं नाही. त्या दिवशी मी सगळे गेज पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवायचो, ती माझी रीत.

मागून आगाशे साहेबांचा आवाज आला, "माळा बाहेर दाराला बांधा. आतला मालक नाही म्हणतोय."

सगळे हसले. मलाही टोमणा कळला. पण माळ दाराला छान दिसत होती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज आगाशे साहेब दुपारभर मीटिंगला बाहेर होते. माझ्याने राहवलं नाही. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. तासाभरात सगळे कागद तारीखवार लावले, पिना बदलल्या. सगळ्यात तळाशी एक पाकीट होतं, वर साहेबांच्या अक्षरात 'नंतर'. आत सलिलच्या प्रस्तावाच्या दोन्ही प्रती! घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कागद खाली सरकून गेले असणार.

मी पाच मिनिटं ते हातात घेऊन उभा होतो. खोटं कशाला लिहू, मनात आलं की पाकीट परत तळाशी ठेवावं. कोणाला कळणार होतं? पण माझ्या पोटावर येतो म्हणून कागद दडवायचा, तर मग चोवीस वर्षं मी दुसऱ्यांकडून बिल्ले कशाला मागितले? दोन्ही प्रती टेबलावर मधोमध ठेवल्या, वर पेपरवेट.

साहेब आले. पेपरवेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "ओव्हाळ, तुम्ही फार व्यवस्थित माणूस आहात."

चार महिन्यांत त्यांच्याकडून पहिली शाबासकी. तेवढ्यात सलिल आत आला, त्याने कागद पाहिले आणि खूष झाला. साहेबांनी माझं तपासणीचं रजिस्टर मागून घेतलं आणि प्रस्तावाबरोबर वर पाठवणार म्हणाले. रेघांवर कागद चिकटवल्याची माझी लेखी कबुलीही त्यालाच जोडलेली आहे.

घरी सांगितलं तर आम्रपाली आधी हसायला लागली, मग हातातलं पोळपाट बाजूला ठेवून बसली. "तुम्ही शोधून दिलात? स्वतः?" म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "कसं व्हायचं हो तुमचं." यात हसण्यासारखं काय आणि रडण्यासारखं काय, मला कळलं नाही. पण मला तिने आज दोनदा वाढलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी आठला खोलीत शिरलो तर दोन नंबरमधून दळण दळल्यासारखा आवाज. साडेनऊला तो कायमचा थांबला. दुपारी यंत्राच्या कंपनीने मान्य केलं की त्याचं लिहिणारं-वाचणारं डोकं जागेवरून सरकलेलं होतं. त्यांनी नवा बसवला. सलिलच्या अडीच महिन्यांच्या टेप नव्यात घातल्या. एकही वाचता आली नाही.

त्याचा मूळ संगणक चालू आहे, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. तो फळीसमोर येऊन आपल्या चौकोनी बिल्ल्यांकडे बघत उभा राहिला. "काका, आज माझा सर्व्हर बसला असता तर?" मी म्हटलं, बसला नाही ना, चला, कोऱ्या टेप काढा, आजच सगळं परत उतरवून घेऊ. "मी तुम्हाला सांगितलं होतं" असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. म्हटलं नाही. मनात मात्र चार वेळा म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हे आजच लिहायला हवं.

सकाळी दहाला रक्तपेढीचा संगणक बसला. डिस्का गेल्या, एकदम दोन. दहा मिनिटांत रुग्णालयाचा फोन. एका गरोदर बाईला दुपारी शस्त्रक्रियेला घ्यायचं आहे, रक्तगट फार दुर्मीळ, शहरात असे दाते मोजकेच आणि त्यांचे पत्ते फक्त त्या नोंदीत. कल्याणी धावत आली.

मी फळीकडे बघितलं. सत्तावीस नंबरची खुंटी, गोल बिल्ला सहा. कालच्या रात्रीची टेप, एक नंबरने लिहिलेली आणि आज सकाळी सव्वाआठला नव्या ड्राइव्हमध्ये मी स्वतः वाचून पाहिलेली. मी म्हटलं, "ही चांगली आहे." तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "बेटा, मी वाचली आहे."

सलिलचं काम तेव्हा चालू होतं. त्याने न विचारता ते थांबवलं, दोन्ही ड्राइव्ह मोकळे करून दिले आणि नव्या डिस्का जोडायला खाली बसला. यांत्रिक हात सत्तावीसपाशी गेला, थांबला, रेघा वाचल्या आणि टेप उचलली. एवढ्या महिन्यांत तो हात मला इतका सावकाश कधी वाटला नव्हता. आगाशे साहेब मागे उभे होते, हात पाठीशी. त्या थंडीत स्वेटरशिवाय पावणेदोन तास उभे होते.

बारा वाजून पाच मिनिटांनी यादी उघडली. त्या गटाचे नऊ दाते. कल्याणी फोनवर एकेक नंबर वाचत होती आणि मी तिच्या मागे उभा राहून तेच नंबर मनात म्हणत होतो. चार वाजता रुग्णालयाचा फोन आला. दोन दाते मिळाले, एक धायरीहून रिक्षाने आला. बाई सुखरूप, मुलगी झाली.

कल्याणी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. चोवीस वर्षं मी शिस्तीसाठी शिस्त पाळली, असं लोक म्हणायचे. आज मला फार अभिमान वाटतोय. शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

वरचे तीन साहेब मुंबईहून आले. टेबलावर माझं रजिस्टर, मराठीतली ती तीन पानं आणि सलिलचा प्रस्ताव. म्हणजे सगळं एकत्रच गेलं होतं तर. मी इंग्रजीची चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. आगाशे साहेब लगेच म्हणाले, "ओव्हाळ, इंग्रजीत नको. मायक्रोमीटरचं जे मला लिहून दिलंत तेच सांगा. तुमच्या भाषेत." पाठ केलेलं वाया गेलं. पण बोलायला लागलो तर वीस मिनिटं कोणी मधे बोललं नाही.

शेवटी एकाने विचारलं, प्रस्तावाचं काय करायचं? सलिल उठून म्हणाला, "सॉफ्टवेअर घ्या, सर. पण ऑपरेटर लागत नाही, ही ओळ मी खोडतो." आणि त्याने पेन काढून ती खोडली.

सोमवार, १ डिसेंबर

कायम झालो. पत्रावर हुद्दा 'टेप लायब्ररी प्रमुख'. आगाशे साहेबांनी पत्र हातात दिलं आणि म्हणाले, "हे हरवू नका. आणि माझ्या ड्रॉवरला पुन्हा हात लावलात तर याद राखा." मी इतकं मन लावून लावला होता तो. काही माणसांना नीटनेटकेपणा सहनच होत नाही. पण यावेळी त्यांचा कागद वेळेवर निघाला. ड्रॉवर लावून दिल्याचा उपयोग झालाच.

मग मी त्यांना माझी एक गोष्ट सांगून टाकली, कायम होताना मनात काही राहू नये म्हणून. खिशातून २१४ काढून टेबलावर ठेवला. "साहेब, हा जुन्या कारखान्याचा. कामावर आलो की फाटकाच्या फळीवर टांगायचा, सुटलो की काढायचा. शेवटच्या दिवशी परत करायला हवा होता. केला नाही."

त्यांनी तो उचलला, मागून पुढून पाहिला. आम्रपालीने कालच चिंचेने घासला होता. मग उठून स्वतः माझ्या खोलीत आले, फळीच्या वरच्या पट्टीवर पेनाने एक खूण केली आणि शिपायाकडून तिथे एकसष्टावी खुंटी ठोकून घेतली. "टांगा," म्हणाले. मी टांगला. दोन वर्षं पाच महिन्यांनी तो कुठल्या तरी खुंटीवर गेला.

संध्याकाळी निघताना सवयीने हात वर गेला. बिल्ला काढतच होतो, तेवढ्यात दारातून साहेब म्हणाले, "राहू द्या, ओव्हाळ. उद्या यायचंच आहे."